स्टँप पेपरवर माणूस ठेकेदार होत नाही

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझ्याकडे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे. बंगले, सोसायट्या आणि थोडं एमआयडीसीतलं काम करतो. उलाढाल सव्वा कोटीच्या आसपास. चार जण महिना पगारावर आहेत. पाच वायरमन तीन-चार वर्षांपासून पॉइंट रेटवर (दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जोडणीमागे ठरलेला दर) माझ्याकडेच काम करतात. पॉइंटचा हिशोब नसेल त्या दिवशी ११०० रुपये हजेरी देतो. कन्सील पायपिंग (वायरसाठी भिंतीत दडवायचे पाइप) एक जण हाताखालची तीन पोरं आणून लेबर रेटवर करून देतो. मागच्या महिन्यात पॉइंटवाल्यांपैकी एक जण घोड्यावरून (उंचावर काम करायच्या स्टँडवरून) पडला, मनगट मोडलं. खर्च मी केला. आता एक मित्र म्हणतो, सगळ्यांशी ५०० च्या स्टँपवर करार कर, सगळे ठेकेदार, तू मोकळा. दुसरा म्हणतो, सगळ्यांना पगारावर घे. शिवाय, पडलेल्या मुलाकडून 'यापुढे जबाबदारी नाही' असं लिहून घेऊ का?"

नमस्कार.

दोन्ही मित्रांचं ऐकू नका. प्रश्न 'सगळे असे की सगळे तसे' हा नाहीच. तुमच्याकडे आज तीन प्रकारची माणसं आहेत आणि त्यांतला एकच ठेकेदार होऊ शकतो: पायपिंगवाला. पॉइंट रेटवरचे पाच जण आजही तुमचे कामगारच आहेत, स्टँप पेपर करा अगर नका करू.

मोबदला नगावर दिला म्हणून माणूस ठेकेदार ठरत नाही, हे न्यायालयांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय. नागपूरच्या विडी कारखान्यात विड्यांच्या संख्येवर मजुरी घेणारे आणि कारखान्याच्या वेळेत हवं तेव्हा येणारे-जाणारे लोक कामगारच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ठरवलं. १९७३ मध्ये शिंपीकामाच्या दुकानाचा खटला आला. कारागीर कपड्यामागे पैसे घेत होते, पण मशीन मालकाची, आणि शिवण बिघडली तर मालक उसवून परत शिवायला लावणार. तेही कामगारच ठरले. आता तुमच्या पाच जणांकडे बघा. ड्रिल, कटर, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) कुणाचा? वायर, प्लेटा, एमसीबी कोण आणून देतं? सकाळी कुठल्या साइटवर जायचं हे कोण सांगतं? पॉइंट चुकला तर ग्राहक फोन कुणाला करतो? स्वतःऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवलं तर तुम्हाला चालेल का? सगळी उत्तरं एकाच बाजूला पडतात. ११०० रुपये हजेरी ही तर उघड उघड मजुरीच आहे. रोजंदारी हा नोकरीचाच प्रकार, ठेक्याचा नव्हे.

तुमच्या धंद्यात आणखी एक अडचण आहे, जी रंगारी किंवा सुतारकामाच्या धंद्यात येत नाही. वीज मांडणीचं काम लायसन्सधारक कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली करायचं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांचा दंडक आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या, मांडणीची क्षमता न बदलणाऱ्या कामांनाच त्यातून सूट. वायरमनचं परमिट हे तारा ओढण्याची परवानगी आहे, कंत्राट घेण्याची नाही. म्हणजे मित्राच्या सल्ल्याने पाच वायरमनना कागदावर 'स्वतंत्र ठेकेदार' केलंत, तर तुमच्याच सहीने सिद्ध होईल की लायसन्स नसलेल्या पाच जणांना तुम्ही वायरिंगची कंत्राटं दिलीत. महावितरणला जाणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर सही मात्र तुमची. एखाद्या बंगल्यात शॉर्टसर्किटने आग लागली आणि विद्युत निरीक्षक चौकशीला आले, की पहिल्यांदा तोच करार बाहेर निघेल.

आता मोजणी. तुम्ही स्वतःला चार माणसांचा मालक समजता. ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि पीएफसाठी मोजताना ठेकेदारामार्फत आणलेली माणसंही तुमच्याच खात्यात धरतात. चार पगारी, पाच पॉइंटवाले, पायपिंगवाल्याची तीन पोरं: झाले बारा. पायपिंगवाला स्वतः हातात हातोडा घेत असेल, तर तोही मोजला जाण्याची शक्यता धरून चाला. ईएसआयची रेषा दहावर आहे, ती तुम्ही ओलांडलीय. ग्रॅच्युइटीही दहापासूनच. पीएफ विसापासून, म्हणजे आज सक्ती नाही, पण दोन मोठ्या साइट एकदम लागल्या की तिथे पोचायला वेळ लागणार नाही. कामगार कल्याण निधीची रेषा तर पाचलाच येते. जून आणि डिसेंबरला भरायची रक्कम किरकोळ आहे, तरी छोट्या धंद्यात नेमकी तीच विसरली जाते. कंत्राटी कामगारांच्या कायद्याचा आकडा मात्र महाराष्ट्रात ५० आहे, त्याची चिंता तुम्हाला नको. ईएसआय एकदा लागू झालं की माणसं कमी केली म्हणून सुटत नाही, त्यामुळे 'तीन जणांना काढून नऊवर येतो' हा विचार मनातून काढून टाका.

उशिराने पकडलं गेल्यावर मोठा फटका दंडाचा नसतो, कामगाराच्या हिश्शाचा असतो. ईएसआयमध्ये मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. पगार देतानाच कापले नाहीत, तर मागच्या महिन्यांचे ते पाऊण टक्के नंतर त्याच्या पगारातून कापता येत नाहीत. पूर्ण ४ टक्के तुमच्या खिशातून जातात, वर १२ टक्के व्याज. पीएफमध्ये हेच गणित १२ अधिक १२ असं असल्याने जास्त झोंबतं. दोन्हींची भरणा तारीख पुढच्या महिन्याची १५.

आता पैशाकडे वळू, कारण खरी धाकधूक तिथे आहे. एक वायरमन २०,००० रुपये महिन्यावर घेतला असं धरा. वर्षाचा पगार २,४०,०००. ईएसआय महिना ६५० प्रमाणे ७,८००. दिवाळीला एक पगार, २०,०००. ग्रॅच्युइटीसाठी दरवर्षी १५ दिवसांची तरतूद, २६ दिवसांचा महिना धरून, ११,५३८. एकूण २,७९,३३८. पीएफही भरायचा ठरवला तर १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, विमा अर्धा टक्का आणि प्रशासकीय आकार अर्धा टक्का, म्हणजे महिना १,९५०, वर्षाला २३,४०० आणखी, बेरीज ३,०२,७३८. (प्रशासकीय आकार महिन्याला किमान ५०० असतो, म्हणून अगदी एक-दोन माणसांसाठी पीएफ महाग पडतो.)

हा आकडा ३६५ ने भागू नका आणि २६ गुणिले १२ नेही नको. ५२ रविवार, आठ सणवार आणि साधारण १५ रजा वजा केल्या की हातात २९० दिवस राहतात. पीएफशिवाय दिवस ९६३ रुपयांना पडतो, पीएफसह १,०४४. तुम्ही सुट्या माणसाला ११०० देता. म्हणजे त्या माणसाला वर्षात २५४ दिवस काम देऊ शकत असाल तर पगारी माणूस स्वस्त, पीएफ धरला तर २७६ दिवस. त्याखाली आलात तर रोजंदारी स्वस्त. मागच्या वर्षीची हजेरी वही काढा आणि पाचही जणांचे दिवस मोजा. तीन-चार वर्षं एकाच माणसाकडे टिकलेल्या वायरमनचे दिवस बहुधा २५० च्या वरच निघतात; नाहीतर तो टिकलाच नसता. ज्याचे २५४ च्या वर आहेत त्याला पगारावर घ्या. ज्याचे १८०-२०० आहेत त्याला रोजंदारीवरच ठेवा, पण उघडपणे: मस्टरवर नाव, ईएसआय नंबर, बँकेत पैसे. रोजंदारीवाल्यालाही किमान वेतन आणि ईएसआय लागू आहेच. किमान वेतनाचा विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो, त्या दोन महिन्यांत आकडा ताडून बघायची सवय लावून घ्या.

लगेच तुम्ही म्हणाल, पगारावर घेतला की पॉइंट पडत नाहीत. खरं आहे, भीती रास्त आहे. त्यावर उपाय ठेका हा नाही, पगाराची रचना बदलणं हा आहे. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींवरून एका वायरमन-हेल्पर जोडीचे रोजचे सरासरी पॉइंट काढा. पाइपिंगचे, वायरिंगचे आणि फिटिंगचे वेगवेगळे, कारण तिन्हींचा वेग सारखा नसतो. तेवढे पगारात धरा, त्यावरच्या प्रत्येक पॉइंटला ठरलेली रक्कम महिनाअखेरीला द्या. परत उघडावा लागलेला पॉइंट मोजायचा नाही. ही शेवटची अट घातली नाहीत तर वेग वाढेल आणि जंक्शन बॉक्समध्ये टेप गुंडाळलेले कच्चे जोड सापडायला लागतील. ग्राहकाचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पावसाळ्यात विनाकारण पडतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. वाढीव रकमेमुळे एखाद्या महिन्यात पगार २१,००० च्या वर गेला तर ईएसआय त्याच महिन्यात बंद करायचं नसतं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालखंड आहेत, चालू कालखंड संपेपर्यंत भरत राहायचं, आणि तेही पूर्ण पगारावर.

दसऱ्याच्या आधी आणि पाडव्याच्या आधी ताबे देण्याची घाई असते तेव्हा दोन-तीन जास्तीचे हात लागतात. त्यासाठी निश्चित मुदतीची नेमणूक हा सरळ मार्ग आहे. चार महिन्यांचं नेमणूक पत्र, त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख. मुदत संपली की नोकरी संपते, काढून टाकल्याचा वाद राहत नाही. मात्र अशीच पत्रं एकाला एक जोडून त्याच माणसाला दोन वर्षं ठेवलं तर त्यात मुदत राहिली कुठे? आणि नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर मुदतीच्या कामगारालाही वर्षभर काम झालं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, हे लक्षात असू द्या. नेमणूक पत्र आता सर्वांनाच द्यायचं आहे, जुन्या चौघांनाही. एक पान पुरे: काम, पगार आणि त्याचे भाग, कामाचे तास, सुट्टी, कोणत्या तारखेपासून. कुणी काम सोडलं तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. उचल दिलेली असते तिथे इथेच भांडण होतं, म्हणून उचलीची सही असलेली वही वेगळी ठेवा.

आणखी एक पर्याय बहुतेक छोटे कंत्राटदार विचारातच घेत नाहीत: आयटीआयचे वीजतंत्री आणि तारतंत्री प्रशिक्षणार्थी. चार माणसांपासून पुढची आस्थापना शिकाऊ उमेदवार घेऊ शकते (तिसापासून पुढे घ्यावेच लागतात). विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, वाटा सरकार देतं. त्यांना पीएफ-ईएसआय लागत नाही. पण तो शिकायला आलेला असतो; त्याला एकट्याला तिसऱ्या मजल्यावर डीबी (वीज वाटपाची पेटी) भरायला पाठवलंत तर अपघाताची भरपाईही तुमचीच आणि चूकही तुमचीच.

आता पायपिंगवाला. हा खरा ठेकेदार होऊ शकतो: झिऱ्या मारणं (भिंतीत खाचा पाडणं), पाइप आणि बॉक्स बसवणं, भिंत परत भरणं एवढंच काम असेल, माणसं त्याची, हत्यारं त्याची, आणि तो दुसऱ्यांचीही कामं घेत असेल तर. वायर ओढणं, डीबी, अर्थिंग, टेस्टिंग हे सगळं तुमच्या माणसांकडेच ठेवा. ही विभागणी कामानुसार आहे म्हणून टिकते.

त्याच्याशी करार करा, पण ५०० च्या स्टँपपेक्षा आतला मजकूर महत्त्वाचा. 'पॉइंट' म्हणजे काय ते आधी लिहा. स्विचबोर्ड ते पंखा एक पॉइंट. बोर्डवरचा सॉकेट वेगळा की त्यातच. एसीचा पॉइंट डीबीपासून स्वतंत्र जातो म्हणून त्याचा दर वेगळा. निम्मी भांडणं या व्याख्येवरून होतात. बॉक्सची जमिनीपासूनची उंची लिहा. आडव्या झिऱ्या मारायच्या नाहीत, कॉलम-बीमला कटर लावायचा नाही, हेही लिहा. सळी कापली गेली तर बिल्डर तुमचं बिल अडवणार, त्याचं नाही. पैसे टप्प्याने: स्लॅबचे पाइप पडल्यावर, भिंतीतलं काम झाल्यावर, आणि दहा टक्के वायर ओढून होईपर्यंत राखून. चेपलेला पाइप प्लास्टर झाल्यावर, वायर अडकल्यावरच कळतो, म्हणून ती राखीव रक्कम. तो फोडून बदलण्याचा खर्च त्याचा. नुकसानीची ही जोखीम त्याच्यावर आहे म्हणूनच तो ठेकेदार ठरतो. तुमच्या बाजूने काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने जिवंत तार आणि अर्थ यांच्यामध्ये एक मिनिट तपासा. रोध एक मेगाओहमच्या खाली आला तर कुठेतरी इन्सुलेशन सोललं गेलंय. त्या नोंदीवर त्याची सही घेतलीत तर दोष पाइपाच्या धारेचा की तुमच्या पोरांनी ओढताना केलेला, हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

कागदपत्रं: त्याचा पॅन, उद्यम नोंदणी, जीएसटी असल्यास क्रमांक, आणि प्रत्येक साइटवर आणलेल्या माणसांची यादी. बिल त्याच्या नावाचं, त्याच्या क्रमांकाचं. तुमची उलाढाल एक कोटीच्या वर असल्याने त्याच्या पैशांवर टीडीएस कापायला तुम्ही बांधील आहात: एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला एक लाखाची रेषा ओलांडली की १ टक्का, पॅन नसेल तर २०. न कापल्यास त्या खर्चाचा ३० टक्के भाग आयकरात खर्च म्हणून धरला जात नाही. त्याची सेवा वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याने उद्यम नोंदणी केलेली असली तर पैसे १५ दिवसांत, लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत द्या. उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच धरला जातो. आणि शनिवारी रोख वाटायची पद्धत असेल तर एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च मान्य होत नाही. पगारी माणसांचं त्यापेक्षा सोपं: १०,००० च्या वर पगार असेल तर व्यवसाय कर महिना २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत माफ.

एवढं सगळं केलं तरी पायपिंगवाल्याचा पोरगा पडला तर? भरपाई तुमच्याकडे मागता येते. काम तुमच्या धंद्याचाच भाग असेल तर मुख्य मालक जबाबदार, आणि मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करून घ्यावं, असा कायदा आहे. ठेकेदाराकडे वसूल करण्यासारखं काही नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे. आकडा किती मोठा असतो ते बघा. १५,००० पगाराची मर्यादा धरली, तर तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई निम्मा पगार गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर निम्म्यापर्यंत दंड. माणूस ईएसआयमध्ये असेल तर हा भार ईएसआय महामंडळ उचलतं. जे ईएसआयच्या बाहेर राहतात, उदाहरणार्थ २१,००० च्या वर पगार असलेला तुमचा सुपरवायझर, त्यांच्यासाठी कामगार भरपाई विमा घ्या. पॉलिसी घेताना एजंटला 'ठेकेदाराची माणसं' हा भाग जोडायला सांगा आणि मजुरीचा खरा आकडा द्या. प्रीमियम वाचवायला निम्मी मजुरी दाखवली, तर दावाही निम्माच मिळतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाला २० रुपयांचा विमा सगळ्यांचा जरूर काढून द्या, दोन लाख मिळतात, पण तो याला पर्याय नाही.

पोरं ईएसआयला नाही म्हणतील. "दीडशे रुपये कापता, त्यापेक्षा हातात द्या." त्यांना सातपूरचं कामगार विमा रुग्णालय दाखवा, बायको-मुलांचे आणि आईवडिलांचे उपचार त्यात येतात हे सांगा, आणि कामावर अपघात झाला तर घरी बसून सुमारे ९० टक्के मजुरी मिळते हेही सांगा. शिवाय बांधकामाच्या साइटवर वर्षात ९० दिवस भरले असतील तर १८ ते ६० वयाचा वायरमन किंवा झिऱ्या मारणारा पोरगा बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतो. ते ९० दिवसांचं प्रमाणपत्र तुम्हीच द्यायचं असतं. खोटं देऊ नका, पण खरं असेल तर अडवूनही ठेवू नका. पोरं टिकतात ती अशाने.

एमआयडीसीच्या कामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे प्रश्न निवडीचा उरतच नाही. गेटवरच ईएसआय आणि पीएफचे नंबर मागतात, बिलासोबत चलन जोडायला सांगतात, कारण तिथे मुख्य मालक तो कारखाना असतो आणि तुम्ही त्याचे ठेकेदार. ते काम वाढवायचं असेल तर वीस माणसांची वाट न बघता पीएफ स्वेच्छेने घ्या आणि तो खर्च दरात धरा.

राहिलं मनगट. 'यापुढे जबाबदारी नाही' असं लिहून घेतलेला कागद बाद असतो. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायदा मानतच नाही. उलट तो कागद पुढे 'मालकाला जबाबदारी माहीत होती' याचाच पुरावा होतो. आधी ईएसआय नोंदणी करा आणि त्या मुलाची कामावर लागल्याची खरी तारीख टाका, आजची नको. तुम्ही आधीच रेषेच्या वर होतात, त्यामुळे अपघाताच्या लाभाची रक्कम महामंडळ तुमच्याकडून वसूल करू शकतं. ती तयारी ठेवा. ईएसआयकडून काहीच मिळालं नाही असं धरलं, तर तुमची जबाबदारी दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च आणि दर पंधरवड्याला मजुरीच्या २५ टक्के. १५,००० धरून ३,७५०, म्हणजे सहा आठवड्यांचे ११,२५०. दवाखान्याची बिलं त्याच्या नावाने फाईलला लावा, पंधरवड्याचे पैसे बँकेतून द्या आणि सही घ्यायचीच असेल तर त्या रकमेच्या पावतीवर घ्या. प्लास्टर निघाल्यावर हाडाच्या डॉक्टरकडून पकडीची ताकद तपासून लेखी घ्या. मनगट पूर्ण वळत नसेल तर कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी निघते, आणि त्याचा ठोक हिशोब आपसात न मिटवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवूनच करावा लागतो. तोवर त्याला घोड्यावर चढवू नका. स्टोअरमध्ये बसून प्लेटा भरायचं काम एका हाताने होतं.